पेशी हात कशाला धरतात? : चार अमिनो आम्लं आणि 'एक' शरीर



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने पेशी आणि पेप्टाइडच्या वाटेला कशाला जावं? कारण सांगतो. आम्ही वर्गात एक प्रश्न वर्षानुवर्षे शिकवला. त्या प्रश्नाच्या एका महत्त्वाच्या भागाचं उत्तर 1984 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत मिळालं, आणि आमच्यापर्यंत ते पोचायला फार उशीर झाला. तोवर आम्ही विद्यार्थ्यांना अर्धीच गोष्ट सांगत होतो. ती आज पूर्ण करायची आहे.

प्रश्न साधा आहे. अनेक गोष्टी मिळून 'एक' गोष्ट कशी होते?

आपल्या वसईच्या किल्ल्याच्या भिंती सगळ्यांनी पाहिल्या आहेत. दगड आहेत, दगडांच्या मध्ये चुना आहे. चुना झिजला, फटीत पिंपळाचं मूळ शिरलं, की एकेक दगड सुटायला लागतो. खाली पडलेली दगडांची रास आणि वर उभी असलेली भिंत यांत दगड तेच असतात. फरक असतो तो त्यांना धरून ठेवणाऱ्या गोष्टीचा.

आता शरीराकडे या. आपल्या एकेकाच्या शरीरात ढोबळमानाने 30 लाख कोटी पेशी आहेत. प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे खाते, श्वसन करते, बऱ्याचशा विभागतातही. मग आपण 30 लाख कोटी पेशींची रास का नाही? इथे कोणता चुना आहे?

न्याय-वैशेषिकांनी या प्रश्नावर बारकाईने विचार केला होता. त्यांनी दोन संबंध वेगळे केले. एक संयोग आणि दुसरा समवाय. हात टेबलावर ठेवला, तो संयोग. उचलला की संपला. पण धागे आणि त्यांचं कापड, अवयव आणि अवयवी, यांचा संबंध समवाय. तिथे दोन गोष्टी आधी सुट्या असून मग जोडल्या गेल्या, असं म्हणता येत नाही. कापड धाग्यांतच असतं, धाग्यांना सोडून ते कुठे दाखवता येत नाही. शरीर हे या समवायाचं नेहमीचं उदाहरण. आम्हीही तेच देत होतो. बौद्धांचा आक्षेपही सांगत होतो, की अवयवी वगैरे काही नसतं, रथ हे केवळ चाकं, आस, जू यांच्या जुळणीला दिलेलं नाव आहे. या दोघांच्या वादात तास संपायचा. पण पेशी एकमेकींना प्रत्यक्षात धरतात कशा, हा प्रश्न त्या वर्गात कुणी विचारला नाही. आम्हीही नाही.

हा प्रश्न ज्यांच्या हाताखालून रोज जात होता, अशा एक मराठी बाई आपल्या मुंबईत होत्या, डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, 1917 चा, माहेरचं आडनाव समर्थ, शिक्षण फर्ग्युसनमध्ये. डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज ओटो गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. जगभर वाढवल्या जाणाऱ्या 'हेला' पेशी ज्यांनी प्रथम वाढवल्या, तेच हे गाय. तिथून परतल्यावर कमलताईंनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ती देशातली या प्रकारची पहिली मानली जाते. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

ऊतिसंवर्धन म्हणजे शरीरातल्या पेशी बाहेर काढून काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात जगवणं. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट रोज दिसते. भांड्यात टाकलेल्या पेशी सुरुवातीला गोल असतात, द्रवात तरंगतात. थोड्या वेळाने त्या तळाशी बसतात, तळ धरतात आणि तव्यावरच्या घावनासारख्या पसरतात. पसरल्यानंतरच त्या नीट वाढतात. तळ धरला नाही, तर बहुतेक पेशी मरतात. त्यांना तळापासून सोडवायचं असेल तर दोन गोष्टी वापरतात. एक ट्रिप्सिन, हे प्रथिनं तोडणारं विकर. दुसरं म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेणारं रसायन. म्हणजे पेशीची पकड प्रथिनांची आहे आणि तिला धातूचे आयन लागतात, एवढं तर या नेहमीच्या कामातूनच कळत होतं. पण धरलंय नेमकं कशाला?

1973 च्या सुमारास दोन ठिकाणी एकच गोष्ट दिसली. लंडनमध्ये रिचर्ड हाइन्स आणि हेलसिंकीत एर्की रुओस्लाहती व अँटी वाहेरी. निरोगी पेशींच्या अंगावर एक मोठं प्रथिन होतं, आणि कर्करोगी बनवलेल्या पेशींवरून ते नाहीसं झालं होतं. या प्रथिनाचं नाव पुढे फायब्रोनेक्टिन पडलं. त्याच्या दोन साखळ्या असतात, प्रत्येकीत सुमारे 2,400 अमिनो आम्लं. पेशींच्या भोवती जे जाळं असतं, त्यातला हा एक महत्त्वाचा धागा. भांड्याच्या तळाला हे प्रथिन लावलं, की पेशी पटकन तळ धरतात.

आता रुओस्लाहती अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ला होयाला गेले. तिथे मायकेल पिअर्शबाखर या तरुण संशोधकाबरोबर त्यांनी एक साधा प्रश्न घेतला. एवढ्या लांब साखळीतला कोणता भाग पेशीने धरलेला असतो? त्यांनी प्रथिनाचे तुकडे केले आणि एकेक तुकडा तपासला. 108 अमिनो आम्लांचा एक तुकडा सापडला, त्यावर पेशी चिकटत होत्या. मग तो तुकडा चार भागांत प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवला. चारांपैकी एकच चालला. त्या एकाला दोन्ही बाजूंनी कातरत नेलं. शेवटी उरली फक्त चार अमिनो आम्लं : आर्जिनिन, ग्लायसीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि सेरीन. अमिनो आम्लांच्या अशा छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. पहिल्या तिघांच्या आद्याक्षर-खुणांवरून या पेप्टाइडला जगभर 'आर-जी-डी' म्हणतात. हे निष्कर्ष 1984 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आले. त्याच वर्षी केनेथ यामादा यांच्या गटानेही स्वतंत्रपणे तेच दाखवलं.

इथे जरा थांबू या. एवढ्या मोठ्या प्रथिनातली तीन-चार अमिनो आम्लं, आणि पेशी त्यांना ओळखते. ओळख किती कडक? अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागी त्याचंच भावंड ग्लुटामिक आम्ल ठेवलं, म्हणजे फक्त एक कार्बन आणि दोन हायड्रोजन जास्त, की पेशी त्याला धरत नाही. विद्युतभार तोच, स्वभाव तोच, लांबी केसभर वेगळी. तरी नाही.

याहून मोठी गंमत पुढेच आहे. हेच पेप्टाइड भांड्याच्या तळाला पक्कं बसवलं, तर पेशी तळ धरतात. आणि हेच पेप्टाइड द्रवात सुटं विरघळवलं, तर पेशी तळ धरत नाहीत. तोच पदार्थ, परिणाम उलटा.

हे समजायला विरार लोकलसारखं दुसरं उदाहरण नाही. सकाळची गर्दी, डब्यात वर कड्या लटकताहेत. कडी डब्याला पक्की आहे म्हणून तुम्ही तिला धरून उभे राहता. समजा, कुणीतरी फलाटावरच प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक सुटी कडी दिली. हात भरले. आता वरची खरी कडी धरायला हात मोकळा नाही. नायगावच्या आधीच्या पहिल्या हिसक्याला सगळे एकमेकांच्या अंगावर. सुट्या पेप्टाइडने पेशीचं असंच होतं.

या प्रयोगातून एक अनुमान निघतं, आणि ते आपल्या तर्कशास्त्रात शिकवण्याजोगं आहे. सुटी कडी हात अडवू शकते, याचा अर्थ हात आहे. पेशीच्या अंगावर आर-जी-डी धरणारं काहीतरी असलंच पाहिजे. ते शोधून काढलं गेलं आणि 1986 मध्ये हाइन्स यांच्या गटाने त्याला इंटेग्रिन हे नाव दिलं. माणसात अशी 24 इंटेग्रिनं आहेत. प्रत्येकाचे दोन भाग, अल्फा आणि बीटा. पुढे 2002 मध्ये आर-जी-डी धरलेल्या एका इंटेग्रिनची स्फटिकरचनाच मिळाली. आर्जिनिनची बाजू अल्फा भागात अडकलेली, अ‍ॅस्पार्टिक आम्लाची बाजू बीटा भागातल्या धातूच्या आयनाला धरलेली. कॅल्शियम-मॅग्नेशियम काढलं की पेशी का सुटतात, त्याचं उत्तर तिथे समोर दिसलं. हाइन्स, रुओस्लाहती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना या कामासाठी 2022 चा लास्कर पुरस्कार मिळाला.

आता आमच्या चुन्याच्या दाखल्यात दोष कुठे आहे तो सांगतो. चुना मुका असतो. दगडाला आपण धरले गेलो आहोत हे कळत नाही. पेशीला कळतं. इंटेग्रिनचं एक टोक पेशीबाहेर, दुसरं आत. आतलं टोक पेशीच्या सांगाड्याशी जोडलेलं असतं. बाहेर पकड बसली, की आत निरोप जातो : जागा मिळाली, जगायला हरकत नाही. निरोप गेला नाही तर? 1994 मध्ये स्टीव्हन फ्रिश आणि हंटर फ्रान्सिस यांनी दाखवलं, की त्वचेसारख्या आवरणाच्या पेशी तळापासून सुटल्या की स्वतःचाच अंत करतात. त्यांनी या मरणाला ग्रीक शब्दावरून 'अनोइकिस' नाव दिलं. अर्थ, बेघर होणं.

शरीराच्या दृष्टीने ही चांगली सोय आहे. सुटलेली पेशी भलत्या ठिकाणी जाऊन घर करू नये, म्हणून ही व्यवस्था. आणि कर्करोगाची पसरणारी पेशी म्हणजे काय? जिला बेघर होऊनही मरायचं नाही, अशी पेशी. ती मूळ जागेवरची पकड सोडते, रक्तातून जाते, आणि फुफ्फुसात किंवा हाडात नवी पकड बसवते. कमलताई ज्या संस्थेत काम करत, तिचाच आजचा वारसा म्हणजे खारघरचं अ‍ॅक्ट्रेक. तिथे सोराब दलाल यांच्या गटाने पेशी-पेशींमधल्या सांध्यातलं प्लाकोफिलिन-3 हे प्रथिन कमी केलं, तेव्हा पेशींची आपसातली पकड सैल झाली आणि त्यांची पसरण्याची क्षमता वाढली. तो सांधा इंटेग्रिनचा नाही, वेगळ्या प्रथिनांचा आहे. पण गोष्ट तीच.

मग साहजिक विचार येतो, की पकड अडवणारी सुटी कडी औषध म्हणून देता येईल का? याचं उत्तर माणसाच्या आधी सापांना सापडलं होतं.

कोकणात फुरसं माहीत नाही असा माणूस नाही. वीत-दोन वीत लांबीचा साप, खवले घासून करवतीसारखा आवाज करतो. चावला की रक्त थांबत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी प्रतिविषलस आपल्याकडे आहे, त्यामुळे दंश झाला तर रुग्णालय गाठायचं, बाकी काही करत बसायचं नाही, हे आधी सांगून ठेवतो. रक्त न थांबण्याची कारणं त्या विषात अनेक आहेत. त्यांतलं एक आपल्या विषयाचं आहे. जखम झाली की रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, इंटेग्रिनच्याच हाताने फायब्रिनोजेन धरून एकमेकींना जखडतात. तो हात जन्मतःच नसलेली माणसं असतात. 1918 मध्ये ग्लान्झमान या स्विस डॉक्टरांनी त्या रोगाचं वर्णन केलं. फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं 49 अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन आहे. त्याच्या एका वळणावर टोकाला काय आहे? आर-जी-डी. ते बिंबिकांचे हात भरून टाकतं.

एकिस्टॅटिनवरून धडा घेऊन टायरोफिबान हे औषध बनलं. एका अमेरिकी रॅटलस्नेकच्या विषावरून एप्टिफिबाटाइड बनलं, ते सात घटकांचं कड्यासारखं पेप्टाइड आहे. दोन्हींना अमेरिकेत 1998 मध्ये मान्यता मिळाली. हृदयाच्या रोहिणीत गुठळी होत असताना, फुगा घालताना, ही औषधं शिरेतून देतात. म्हणजे रत्नागिरीच्या कातळावर ज्याला माणसं दगडाने मारत आली, त्याच्या विषातली युक्ती आज हृदयरोग विभागात वापरली जाते.

हीच खूण विषाणूंनीही उचलली आहे. गाई-म्हशींना लाळ्या-खुरकूत होतो, तो विषाणू आपल्या अंगावर आर-जी-डी मिरवतो. जनावराची पेशी ओळखीची खूण समजून त्याला धरते आणि तो आत शिरतो.

पण सगळी गोष्ट यशाची नाही, आणि अपयश सांगितलं नाही तर व्याख्यान खोटं ठरेल. म्युनिकच्या होर्स्ट केस्लर यांच्या प्रयोगशाळेत सिलेंगिटाइड नावाचं आर-जी-डीचं कड्यासारखं पेप्टाइड तयार झालं. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या इंटेग्रिनच्या आधाराने वाढतात. तो आधार काढला की गाठ उपाशी मरेल, असा तर्क. तर्क सुंदर होता. मेंदूच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत मात्र या औषधाने रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. 2009 मध्ये तर उंदरांवर असंही दिसलं होतं, की अगदी कमी मात्रेत असे पदार्थ वाहिन्यांची वाढ उलट वाढवू शकतात. बिंबिकांचा हात अडवणाऱ्या तोंडाने घ्यायच्या गोळ्याही करून पाहिल्या. त्यांनी मृत्यूंचं प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलं, त्या सोडून द्याव्या लागल्या.

असं का व्हावं? एक कारण असं दिसतं, की कडी हातात आली की हात नुसता भरत नाही, त्याला आपण काहीतरी धरलंय असंही वाटू शकतं. सुटी कडीही आत निरोप पाठवू शकते. ज्यांनी पकडीला फक्त चुना समजलं, त्यांचा हिशेब इथे चुकला. रुओस्लाहती यांच्या गटाने मग वेगळी वाट धरली. 2009 मध्ये त्यांनी नऊ अमिनो आम्लांचं 'आय-आर-जी-डी' पुढे आणलं. ते पकड अडवायला नाही, तर गाठीतल्या वाहिन्यांवरची खूण ओळखून औषध गाठीच्या आत पोचवायला वापरायचं. त्याच्यावर माणसांतल्या चाचण्या झाल्या आहेत, आणि घाईने निकाल देण्यात अर्थ नाही.

आता आमच्या वर्गाकडे परत येतो. नैयायिकांनी कापडाची जी कारणं सांगितली होती, त्यांतली दोन इथे महत्त्वाची. धागे हे समवायी कारण. आणि धाग्यांचा एकमेकांशी संयोग हे असमवायी कारण. तो संयोग तुटला की धागे असूनही कापड नष्ट होतं. आम्ही समवायावर तासन्‌तास बोललो, आणि हे दुसरं कारण परीक्षेच्या टिपांपुरतं ठेवलं. पिअर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी शरीराच्या असमवायी कारणाचा एक तुकडा बोटाने दाखवला. आपल्या पूर्वजांना इंटेग्रिन माहीत होतं, असं मात्र यातून कुणी काढू नये. त्यांनी प्रश्नाची जागा बरोबर ओळखली होती. उत्तराला प्रयोगशाळाच लागली.

आणि कापडापेक्षा शरीर वेगळं कुठे आहे, तेही या संशोधनाने दिसतं. कापडातला संयोग एकदा झाला की झाला. शरीरातला रोज नव्याने होतो. जखम भरताना पेशी पकड सोडते, पुढे सरकते, पुन्हा धरते. धरणं जितकं आवश्यक, तितकंच योग्य वेळी सोडणं. 'एक' असणं हे शरीराचं चालू असलेलं काम आहे.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं इथेच देतो.

एका ताईंनी विचारलं, दुकानात कोलेजन पेप्टाइडची पावडर मिळते, ती घेतली तर पेशींची पकड सुधारेल का? पोटात गेलेलं प्रथिन पचनात तुटतं. त्यातली सुटी अमिनो आम्लं आणि दोन-तीन अमिनो आम्लांचे छोटे तुकडे रक्तात जातात. तुमच्या पेशींना धरायला लागणारं जाळं तुमच्याच पेशी विणतात. डब्यातलं पेप्टाइड जाऊन तिथे कडीसारखं टांगलं जाईल, अशी अपेक्षा या संशोधनाच्या आधाराने करता येत नाही.

दुसऱ्या एका गृहस्थांना यातून समाजासाठी संदेश हवा होता, की बघा, एकटी पेशी मरते, म्हणून माणसांनी एकत्र राहावं. मोह आम्हालाही झाला होता. पण पेशीला मत नसतं, तिला घर सोडून जायचा हक्क नसतो. माणसाला असतो. घट्ट धरणारी माणसंसुद्धा कधी एकमेकांचा श्वास कोंडतात. माणसांनी एकत्र का राहावं, याची कारणं माणसांनाच शोधावी लागतील, ती भांड्यातल्या पेशींकडून उसनी आणता येणार नाहीत. पेशींकडून घ्यायचं ते एवढंच. आपल्याला सहज मिळालेलं वाटणारं हे एकपण खाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, तीन-तीन अमिनो आम्लांच्या असंख्य पकडींवर क्षणोक्षणी उभं असतं. आज रात्री हातावरची एखादी खरवड भरत आलेली दिसली, तर तिच्याकडे जरा थांबून बघा.